मागचा स्पीकर

"नाना, दाबा!" हॉलमधून मुलगा ओरडला.

नानांनी डाव्या अंगठ्यानं बेलचं बटण दाबलं. हॉलमध्ये बेल वाजली, आणि तिच्या जोडीला नव्या होम थिएटरच्या मागच्या स्पीकरमधून तापल्या तेलात पाणी पडल्यासारखा चरचराट झाला.

"सोडा! आता परत दाबा!"

नानांनी परत दाबलं. परत चरचरलं. अर्धांगानं त्यांची उजवी बाजू नेली होती, आणि जाता जाता जीभही नेली होती. मागे राहिलं काय, तर डावा अंगठा आणि दोन तिखट कान. एरवी या घरात त्यांना कुणी काही सांगावं असं उरलं नव्हतं, पण आज सकाळपासून त्यांच्यावाचून पान हलत नव्हतं. पलंगाला बांधलेलं ते लोंबतं बटण मुठीत धरून ते तयारीत पडले होते. त्यांना बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगा.

"आलं लक्षात," वायरमन म्हणाला. खोलीचं दार उघडं होतं, नानांना शब्द न् शब्द ऐकू येत होता. "साहेब, हे बसवणाऱ्यानं स्पीकरची वायर बेलच्याच पाइपातून ओढलीय. लाइटची लाइन आणि स्पीकरची वायर अशी गळ्यात गळा घालून न्यायची नसते. बेल दाबली की स्पीकर ओरडणारच. आणि आवाजाचं सोडा, उद्या आतल्या आत वायर सोलवटली तर करंट थेट स्पीकरात."

"मग वेगळ्या करा."

"भिंतीत नवी झिरी मारतो. वीतभर अंतर ठेवतो मधे."

"रंग कालच वाळलाय," सून म्हणाली.

"मग वरून पट्टी मारू, कडेकडेनं."

"एवढी हॉलची सजावट करून भिंतीवर पट्ट्या?" मुलगा म्हणाला. "त्या पाइपात आणखी काय आहे?"

"दुसरं काही नाही. बेलची वायर तेवढी."

मग कुणी बोललं नाही. मुलाचं हे गप्प बसणं नानांना चांगलं ठाऊक होतं. लहानपणी काही फोडून ठेवलं की तो असाच गप्प बसायचा.

"बेलची काढून टाका," मुलगा म्हणाला.

नानांची मूठ बटणावर आवळली. गेल्या आठवड्यात त्यांच्या घशात घास अडकला होता. याच बटणावर अंगठा दाबून धरला म्हणून सून धावत आली, पाठीत थापट्या मारल्या, आणि श्वास परत आला. नाहीतर त्यांचा कारभार तिथंच आटोपला होता.

"आजोबांची बेल?" वायरमन चाचरला. "बॅटरीवरची मिळते साहेब बाजारात. वायरबियरची भानगडच नाही. स्पीकरला तिचा काही त्रास नाही."

"पण वाजते ना ती?"

"वाजणार की. बेलच आहे."

"मग नको."

सून दमल्या आवाजात म्हणाली, "दिवसभर चालू असतं हो. उशी सरकली, दाबा. नाकावर माशी बसली, दाबा. सिनेमा रंगात आला की नेमकी वाजणार. मी डोकावत जाईन ना अधूनमधून."

वायरमननं पकड काढली. माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही पुढच्या घरी जायचं होतं. भिंतीच्या पोटातून वायर सरसरत निघाली, तेव्हा नानांच्या उशाशी असलेला बोर्ड थरथरला. मग तो खोलीत आला, नानांकडे न बघता बोर्ड उघडला आणि आत राहिलेल्या टोकांना टेप गुंडाळली.

"हे लोंबतं बटण काढून टाकू?"

मुलगा दारात येऊन उभा होता. "नको, नको. राहू द्या. हातात काहीतरी असलं की शांत पडून राहतात." नाना बोलत नाहीत म्हणजे त्यांच्या मनाला काही लागतही नाही, अशी घरानं सोयीची समजूत करून घेतली होती. त्यानं नानांच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. अगदी प्रेमानं केलं, हेही सांगायला हवं.

हॉलमध्ये सिनेमा लागला. पडद्यावर कुणीतरी कुणाच्या कानाशी कुजबुजत होतं. ते भिंतीपलीकडे नानांनासुद्धा स्वच्छ ऐकू आलं.

"एकदा बघून घेऊ," मुलगा म्हणाला आणि त्यानं सिनेमा थांबवला. "नाना, दाबा!"

"साहेब, आता वायरच नाही तर..."

"अहो, दाबू द्या. सकाळपासून मदत करतायत बिचारे. बरं वाटेल त्यांना. नाना, दाबा!"

नानांनी मूठ सैल केली. अंगठा बटणावरून उचलला आणि हवेत धरला. या पोराचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नव्हता. आज पहिल्यांदाच ते नाही म्हणत होते. दाबणार नाही म्हणजे नाही. अंगठा थरथरायला लागला, मनगटाला कळ आली, पण त्यांनी तो खाली येऊ दिला नाही.

हॉलमध्ये सगळे कान देऊन उभे होते.

"काही म्हणजे काही नाही!" मुलानं टाळी वाजवली. "ऐकलंस गं? नाना, जोरात दाबा! आणखी जोरात! वा! याला म्हणतात काम."

नानांचा अंगठा हवेतच होता.

"शाबास, नाना!" मुलगा ओरडला. "आता सोडा."