चौदा सेकंद

उरणच्या बॉक्सिंग स्पर्धेत मी समोरच्या मुलीला एका ठोशात आडवं केलं. ती उठली तेव्हा घड्याळात चौदा सेकंद झाले होते, पंच मात्र नऊवरच होते; दहा मोजून झाले असते तर मीच जिंकले असते. पुढे तीच जिंकली.

आमच्या गावचे पुढारी भाऊ यांच्या शेजारी बसलेले बाबा तडक पंचांवर धावून आले. "मोजता येत न्हाय का तुला?"

"पाडणारी लांबच्या कोपऱ्यात गेल्याशिवाय मोजायचं नसतं," पंच म्हणाले. "तुमची मुलगी पाच सेकंद दोरांपाशीच थांबली होती."

"खोटारडा," म्हणत बाबांनी स्वतः काढलेला व्हिडिओ लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज वाढवला. मी दातओठ खात बघत राहिले.



मोबाईलमधून बाबांचाच आवाज आला, "कोपऱ्यात कुठं चाललीस? आधी भाऊंना नमस्कार कर."