फुंकर

दौलताबादच्या किल्ल्याच्या प्रत्येक फोटोत आभाळात एकाच जागी काळा ठिपका येत होता. उद्या शाळेच्या प्रदर्शनासाठी पुन्हा फोटो काढायचे, म्हणून नात मनस्विनीला मी कॅमेरा साफ करायला शिकवत होतो. पावसाचा पत्ता नाही, दारात रस्त्याचं खोदकाम, घरभर धूळ. त्यातल्या त्यात कमी धूळ न्हाणीघरात, म्हणून आम्ही दोघं तिथे पाण्याच्या पिंपांच्या मधल्या जागेत बसलो.

लेन्स काढताच तिनं गाल फुगवले. मी पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"फुंकर नाही. थुंकी उडते. सेन्सरवर तिचा डाग पडला, तर धुळीपेक्षा वाईट. हा रबरी पंप कशाला आणलाय?"

"पण आबा, थुंकी तर दिसत नाय."

"दिसत नाही, पण असते. म्हण बरं."

तिनं तीनदा म्हटलं. पंपानं धूळ उडवली, दारातून आभाळाचा फोटो काढून पाहिला. ठिपका गेला होता. आईला सांगायला ती धावली आणि उंबऱ्याला अडखळून पडली. गुडघा खरचटला, डोळे भरून आले. मी खाली वाकलो आणि फुंकर घालायला ओठ पुढे केले.



तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "आबा, पंप."