मऊ कडेची डिस्क

डिस्क गोल्फ म्हणजे बशीएवढी डिस्क भिरकावून लांबच्या लोखंडी टोपलीत पाडायची. खेळ साधा, पण खेळणाऱ्यांचे नखरे फार. प्रत्येकाची एक लाडकी कंपनी असते, दुसरीचं नाव काढलं की नाक मुरडलंच. दुकानदाराला हे नखरे तोंडपाठ होते. म्हणून क्लबच्या चॅम्पियनची बायको मऊ रबरी डिस्कच्या फळीपाशी थांबली, तेव्हा तो लगबगीने पुढे झाला.

"वहिनी, ही कंपनी नको. साहेब हिला हातसुद्धा लावायचे नाहीत. त्यांना टणक लागते, सुरीसारख्या कडेची. सुटली की सुटली!"

"माहीत आहे," ती म्हणाली.

गिऱ्हाइकं डिस्क मुठीत धरून बघतात, वाकवून बघतात. हिने एक उचलली, कपाळावरची बट बाजूला सारली आणि डिस्कची कड आपल्या कपाळावर हलकेच आपटून बघितली. मग दुसरी. मग तिसरी. दुकानदाराला हसू आवरेना.

"मैदानावर त्यांची तीच राहू दे," तिसरी काउंटरवर ठेवत ती म्हणाली. "ही घरात त्यांच्या हाताशी ठेवायला."

"असं होय! घरी सराव!" दुकानदार खुलला. "मग झकास आहे ही. पण घरात फेकून फेकून फेकणार तरी किती लांब?"

तिने केसांची बट पुन्हा कपाळावर ओढून घेतली.



"हरून आले, की स्वयंपाकघराच्या दारातून ओट्यापर्यंत."