यंत्र म्हणतं, ठीक आहे

यंत्राने पुन्हा पंच्याण्णव दाखवले आणि नर्सने पुन्हा तेच ऐकवले. आकडा ब्याण्णवच्या खाली गेल्याशिवाय खाट नाही आणि ऑक्सिजनही नाही.

लॉन्ड्रीत इस्त्री करणारी बहीण भावाच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. भाऊ टेम्पो चालवायचा. एरवी पोती खांद्यावर टाकून जिने चढणारा दांडगा गडी, आता बाकावर पुढे वाकून बसला होता. एक वाक्य बोलायला त्याला तीनदा थांबावे लागत होते. आंधळ्यालाही नुसते ऐकून कळले असते. पण नर्सने डोळे-कान सगळेच त्या यंत्राकडे गहाण टाकले होते.

दवाखाना नवाकोरा होता. शहरातले काळे लोक गोऱ्यांच्या आधी मरतात, हे सरकारच्या एकदाचे लक्षात आले. मेलेल्यांच्या घरच्यांना ते कधीचेच ठाऊक होते. मग काळ्यांच्या वस्तीत दवाखाना उभा राहिला, भाषणे झाली, टाळ्या झाल्या. बोटाला चिमट्यासारखे लावायचे हे यंत्रही आले. पुलापलीकडे गोऱ्यांच्या खासगी इस्पितळात असते अगदी तेच. डॉक्टरही तिथलेच, सकाळी तिकडे आणि दुपारनंतर इकडे.

बहिणीने आधी हात जोडले, मग आवाज चढवला.

"त्या डबीकडे काय बघतेस? माझ्या भावाकडे बघ ना."

नर्स याच वस्तीतली, तिच्याच रंगाची. घाबरल्यानेही धाप लागते, घरी जाऊन जरा पडू द्या त्याला, असे तिने समजावले. बहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भावानेच तिचा हात ओढून तिला गप्प केले. जन्मभर नमते घेत आलेला माणूस, श्वास घेतानाही कुणाला त्रास नको म्हणत होता. ती त्याला घरी घेऊन गेली नाही. तिथेच बसून राहिली.

डॉक्टर आले तेव्हा तो बाकावर आडवा झाला होता. डॉक्टरांनी यंत्राकडे पाहिलेसुद्धा नाही. ऑक्सिजन लावायला सांगत त्यांनी मनगटातून रक्त काढले. रक्तातला खरा आकडा ऐंशीच्याही खाली निघाला. मग खाट मिळाली, नळ्या आल्या, चौघे जण धावले. बैल गेला नि झोपा केला. दिवस मावळायच्या आत भाऊ गेला.

बहीण रडली नाही. यंत्र बिघडले होते का, एवढेच तिने डॉक्टरांना विचारले. बिघडले नव्हते. ते बोटातून उजेड पाठवून ऑक्सिजन मोजते आणि काळ्या कातडीत फसते, आहे त्याहून जास्त दाखवते. डॉक्टरांना हे पहिल्यापासून माहीत होते. पुलापलीकडे कुणी काळा माणूस आला, तर ते स्वतःच आकड्यातून चार-पाच वजा करून त्याला खाट देत.

"मग इथे का नाही केलंत?"



"तिथे माझं चालतं, ताई. ही सरकारी योजना आहे. इथे काळ्यागोऱ्यांना एकच नियम लावायचा, असा हुकूम आहे. तुमच्याशी भेदभाव होऊ नये म्हणून."