शेरा : कान ठीक

हात वर गेला. नर्सबाईंचा अंगठा बटणावरून निघायच्या आत.

शाळेच्या दवाखान्यात, म्हणजे जिन्याखालच्या अडीच खुर्च्यांच्या खोलीत, तिसरीतली एक मुलगी हेडफोन लावून बसली होती. हेडफोनमध्ये शिटीसारखा बारीक आवाज आला की हात वर करायचा, एवढीच तपासणी. दर वर्षी प्रत्येक मुलाची होते. हिची यंदा दुसऱ्यांदा चालली होती, कारण वर्गशिक्षिकेनं चिठ्ठी पाठवली होती. मुलगी ऐकून न ऐकल्यासारखं करते, शुद्धलेखनात शब्द गाळते, नुसती टक लावून बघत बसते. मुलंसुद्धा तिला टकमक म्हणतात. कान ठीक असल्याचा शेरा द्यावा, म्हणजे तिला आणखी एक वर्ष याच वर्गात बसवता येईल.

शेरा द्यायला काय, तीन वर्षं तोच दिला होता. टकमकच्या कार्डावर नर्सबाईंच्याच ठसठशीत अक्षरात तीनदा लिहिलं होतं, कान ठीक. सगळ्यात पटकन हात वर करणारी पोर म्हणून ती त्यांच्या लक्षातही होती. आणि नर्सबाईंना फसवणं काही सोपं नव्हतं. गणिताच्या पेपरला पोट धरून येणाऱ्यांना त्या पेलाभर पाणी पाजून आल्या पावली परत पाठवत.

पण चिठ्ठीबरोबर शुद्धलेखनाची वहीही आली होती. पहिल्या चार ओळी मोत्यासारख्या, एक वेलांटी चुकलेली नाही. मग सगळा गोंधळ. मग पुन्हा चार ओळी बिनचूक. वर्गशिक्षिकेला फेऱ्या मारत शुद्धलेखन सांगायची सवय होती. बाकांमधून मागच्या भिंतीपर्यंत जायचं आणि पुन्हा फळ्यापाशी यायचं. नर्सबाई बराच वेळ त्या ओळी बघत राहिल्या.

मग त्यांनी समोरच्या खुर्चीतल्या मुलीकडे पाहिलं. तपासणीत मुलाला यंत्राकडे पाठ करून बसवायचं असतं, तसा नियमच आहे. पण हेडफोनची वायर आखूड, खोली एवढीशी, म्हणून पहिल्या वर्षापासून त्या मुलांना आपल्या समोरच बसवत आल्या होत्या. तेवढ्यानं काय होतंय, असं म्हणून.

त्यांनी टेबल ओढलं, खुर्ची फिरवली. टकमक भिंतीकडे तोंड करून बसली. त्यांनी बटण दाबलं. हात वर. पुन्हा दाबलं, अगदी हलका आवाज. हात वर. नर्सबाईंचा जीव भांड्यात पडला, आणि तेवढ्यात त्यांची नजर भिंतीशी असलेल्या औषधांच्या कपाटाकडे गेली. कपाटाच्या काचेत दोन डोळे होते. पापणी न लववता ते नर्सबाईंकडे बघत होते.

नर्सबाईंनी अंगठा बटणावर नेला आणि दाबलंच नाही.

हात वर गेला.

त्यांनी उठून काचेवर चादर टाकली. आवाज दिला. हात मांडीवरच. वाढवला, आणखी वाढवला, इतका की हेडफोनमधून तो त्यांना स्वतःलाच ऐकू यायला लागला. शेवटच्या खुणेपाशी हात जरासा उचलला गेला आणि बिचकून पुन्हा खाली आला. दुसऱ्या कानाचंही तेच.

नर्सबाईंनी यंत्र बंद केलं. आधी लाज वाटली, तीन वर्षांची. पण ती लाज बाजूला सारून दुसरंच काही आत भरत गेलं. या पोरीला पाढे येत होते. कविता पाठ होत्या. गेल्या आठवड्यात तिनं त्यांना एक विनोद सांगितला होता आणि त्यांच्या आधी हसली होती. हे सगळं तिनं लोकांच्या ओठांवरून, गालांवरून, भुवयांवरून एकेक करून वेचलं होतं. कुणी शिकवलं नव्हतं, कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. नोकरीच्या अठ्ठावीस वर्षांत नर्सबाईंनी असलं काही पाहिलं नव्हतं. समोर नऊ वर्षांचं पोर पाय हलवत बसलं होतं, आणि मुख्याध्यापक आत आल्यावर राहावं तसं आपण उभं राहावं, असं त्यांना वाटलं.

त्यांनी कार्डावरचे तिन्ही शेरे खोडले. खाली लिहिलं, दोन्ही कानांना फार कमी ऐकू येतं, याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांना दाखवावं, त्याच वर्गात बसवायचं काहीही कारण नाही. मग टकमकला आपल्याकडे वळवलं, हेडफोन काढले, आणि खिडकीतला उजेड आपल्या तोंडावर येईल अशी खुर्ची सरकवली.

खोडलेलं बघून टकमकचा चेहरा उतरला होता. आपण नापास झालो का, असं तिनं विचारलं. नापास कुणी झालंच असेल तर ते दुसरंच कुणीतरी, असं नर्सबाईंनी सांगितलं.

"मी बटण दाबलंच नव्हतं, तरी हात वर केलास. कसा काय?"

"दाबायच्या आधी तुम्ही श्वास रोखता," टकमक म्हणाली.

मग काचेत का बघत होतीस, या प्रश्नाचा तिला अर्थच लागेना. ऐकायचं म्हटल्यावर बघायला नको का? वर्गात बाई मागे जाऊन बोलतात तेव्हा काय करतेस, असं नर्सबाईंनी विचारलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

टकमकनं त्यांच्या ओठांवरची नजर काढली नाही. चूक कबूल करावी तशा आवाजात ती म्हणाली, "बाकीच्यांना मागूनपण ऐकू येतं. मला अजून नाही येत. तो धडा शिकवला तेव्हा मी गैरहजर असेन."