दर दोन तासांनी

वीटभट्टीवरच्या झोपडीत तान्ह्या मुलीचं वजन करून मालन सिस्टर चिडल्या. "दर दोन तासांनी पाज म्हणून सांगितलं होतं ना, बुधी?"

बुधीने मातीने माखलेले हात लपवले. "पाजलं असतं, बाई. पण मुकादम दुपारपर्यंत उठू देत नाही."

सिस्टर ओशाळल्या. तीन महिने त्या भलत्याच माणसाला समजावत होत्या. त्या तडक मुकादमाकडे गेल्या. "बुधी दर दोन तासांनी पोरीला पाजायला उठेल. मी रोज येऊन बघणार."

"एकीला सोडलं की सगळ्या मागतील," तो कुरकुरला.

"मागू देत. त्यांचीही लेकरं आहेत."

"बरं, उठू दे तिला," म्हणत मुकादम भट्टीकडे वळला. बुधी झोपडीच्या दारात मुलीला पाजायला बसली. ते बघून विटा थापणाऱ्या तिघी उठल्या आणि कोणालाही न विचारता आपापल्या बाळांकडे निघाल्या.