पांढरा ठिपका

केतननं ब्रेकचं पेडल दाबून धरलं आणि मनात दहापर्यंत मोजायला घेतलं. सातलाच पेडल तळाला टेकलं.

त्यानं चारही चाकं पाहिली, सगळे पाइप चाचपले. कुठे गळती नाही, सगळं कोरडं ठणठणीत. मग बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं. झाकणातलं रबर भिजवलेल्या चण्यासारखं फुगलं होतं, परत जागेवर बसेना. त्यानं बोट बुडवून वास घेतला. डबीत स्टिअरिंगचं तेल होतं. ते ब्रेकमध्ये गेलं की आतली रबरं फुगतात, आणि मग पेडलाचा काही भरवसा राहत नाही.

"काय रे केतन, काय झालंय?" बाकड्यावरून एडना टीचरनी विचारलं. मरोळ गावठाणातलं हे जुनं गिऱ्हाईक. "गेल्याच आठवड्यात ब्रेकचं काम केलंत ना तुम्ही? सकाळी चर्चच्या वळणावर पाय नुसता खाली खाली गेला. हँडब्रेक ओढला म्हणून वाचलो. मागे नात बसलेली माझी."

"बघतो, टीचर." त्याला मान वर करवेना.

बॉनेटच्या आतल्या कडेला पांढरा ठिपका होता. गॅरेजची ही जुनी रीत. ब्रेकचं काम ज्यानं केलं त्यानं आपल्या रंगाचा ठिपका लावायचा. केतनचा लाल, बाबांचा पांढरा. ठिपका म्हणजे सही, तिथं खोटेपणा चालायचा नाही, असं बाबा, म्हणजे राजाराम, सांगायचे. दुसरा नियम त्याहून कडक. ब्रेकात जो चुकला त्यानं पुन्हा ब्रेकाला हात लावायचा नाही. आणि हे नुसतं बोलणं नव्हतं हो. बावीस वर्षांपूर्वी एक नट ढिला राहिला, म्हणून राजारामनी पाठच्या भावाच्या, रतनच्या, हातातला पाना गिऱ्हाइकादेखत काढून घेतला होता. रतनकाका त्याच संध्याकाळी कुडाळला गेले ते गेलेच. दोघं भाऊ आजवर एकमेकांशी बोललेले नाहीत.

हल्ली बाबांचं काहीतरी बिनसलं होतं. चहा पिऊन झाला की पुन्हा चहा मागायचे. केतनला कधीकधी रतन म्हणून हाक मारायचे आणि मग स्वतःच वरमायचे. आई गेल्यापासून त्यांना हे गॅरेज तेवढं उरलं होतं. ते सुटलं तर बाबा फार दिवस काढणार नाहीत, हे कळायला केतनला कुणा डॉक्टरची गरज नव्हती.

त्यानं मागे वळून पाहिलं. बाबा टपरीवर चहा पीत होते. त्यानं लाल रंगाची डबी उघडली, काडी बुडवली आणि पांढऱ्या ठिपक्यावर लाल ठिपका चढवला. यापुढे बाबा ब्रेकचं काम करताना शेजारी उभं राहायचं, तेलाची प्रत्येक बाटली आपणच उघडायची, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

राजाराम आले. फुगलेलं रबर त्यांनी हातात घेतलं, नाकाशी नेलं. नाक अजून पक्कं होतं.

"कोणी केलं हे?"

"मी, बाबा."

त्यांनी बॉनेटखाली वाकून लाल ठिपका पाहिला. चेहरा उतरला त्यांचा.

"जाऊ दे हो राजाराम," टीचर मध्ये पडल्या. "होतं एखाद्या वेळी."

"मागे तुमची नात होती, टीचर. होतं म्हणून कसं चालेल?" मग केतनकडे न बघता ते म्हणाले, "एवढं काम पुरं कर मेल्या. उद्यापासून ब्रेकाला हात लावायचा नाही."

केतननं मान डोलावली. बाबा वाचले, म्हणून त्याला क्षणभर बरंही वाटलं. मग उद्यापासून गॅरेजात ब्रेक एकटे बाबाच करणार, हे त्याच्या ध्यानात जरा उशिराच आलं. आता खरं बोलायचीही सोय उरली नव्हती.

दुपारपर्यंत नवा सिलिंडर बसला, होती नव्हती ती सगळी रबरं बदलून झाली. शेवटी पाइपांतली हवा काढायची. ते दोन माणसांचं काम. बाबा सीटवर बसले, केतन चाकापाशी आडवा झाला.

"धरा."

"धरलं."

"सोडा."

चारही चाकं झाली. बाबांचा पाय एकदाही चुकला नाही. पेडल टणक झालं, दाबून धरलं तरी जागचं हलेना. गाडीखाली पडल्या पडल्या केतनला रडू आलं. त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि उठला.

बाबा तोवर बॉनेटपाशी पोचले होते. नवा ठिपका लावण्याआधी जुना खरवडायचा असतो, हे केतन साफ विसरला होता. बाबा विसरले नव्हते. त्यांनी लाल ठिपक्यावर नख घातलं. आठ दिवसांचा म्हणायचा रंग, पण अजून चिकट लागला, निघून नखाला आला. खाली पांढरा होता, वाळून घट्ट बसलेला.

राजारामनी नखावरचा ओला लाल रंग फडक्याला पुसला.

"टीचर," ते म्हणाले, "मघाशी पोराला बोललो ते चुकीचं. काम माझं होतं."

मग त्यांनी खिशातला पाना काढला आणि केतनच्या तळहातावर ठेवला.

"बाबा, अहो, एवढ्यातेवढ्यावरून..."

"रतनला फोन लाव," राजाराम म्हणाले. "सांग, दादापण चुकला."